चार नगरसेवक राहू द्या, मत मात्र एकच द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या महापालिकांच्या निवडणुका पार पडल्या, तेव्हापासून बहुसदस्यीय प्रभागाविरुद्ध वाचकांची नाराजी वाचते आहे. सूर बहुतेकांचा सारखाच: चौघे निवडून येतात आणि काम सांगायला गेले की एकमेकांकडे बोट दाखवतात, आख्खे पॅनेल एकाच पक्षाचे येते, अपक्षाला आणि लहान पक्षाला वाव उरत नाही, म्हणून मुंबईसारखा एक प्रभाग, एक नगरसेवक करा. तक्रारी अगदी खऱ्या आहेत. माझे माहेर कोथरूडचे, भाऊ-भावजय अजून तिथेच राहतात, त्यामुळे फोनवर मी हेच ऐकत असते. पण त्यावरचा उपाय मला पटत नाही. तो का, हे सांगण्यासाठी हे पत्र.

गेली अनेक वर्षे मी एडिंबरा शहरातल्या लीथ भागात राहते. आमचा वॉर्ड लीथ वॉक. इथेही एका वॉर्डात चार नगरसेवक. स्कॉटलंडमध्ये ३२ कौन्सिल (आपल्या महापालिकांसारख्या स्थानिक संस्था) आहेत आणि जवळजवळ सगळीकडे तीन किंवा चार जणांचे वॉर्ड. काही बेटांवर मात्र त्याहून लहानही चालतात. म्हणजे पुण्याच्या प्रभागासारखीच रचना. मे २०२२ मध्ये आमच्या वॉर्डातून जे चौघे निवडून आले ते चार वेगवेगळ्या पक्षांचे: एक ग्रीन, एक एसएनपी (स्कॉटिश नॅशनल पार्टी), एक लेबर, एक लिब डेम (लिबरल डेमोक्रॅट). पुण्यात एका प्रभागातून चार पक्षांचे चार जण आले तर ती वर्तमानपत्रात बातमी होईल. इथे त्याचे कुणाला नवल वाटले नाही.

फरक चार जागांमुळे पडत नाही, मतांमुळे पडतो. पुण्यात मतदाराला चार मते असतात. अ, ब, क, ड अशा चार जागा, प्रत्येक जागेची लढत वेगळी, प्रत्येकीसाठी वेगळे बटण. ज्याला सगळ्यात जास्त मते तो विजयी, हा नियम चार वेळा लागू होतो. प्रभागात एका पक्षाचे चाळीस टक्के मतदार असतील आणि बाकीचे साठ टक्के तीन-चार ठिकाणी विखुरलेले असतील, तर तेच चाळीस टक्के चारही बटणे दाबून चारही जागा घेऊन जातात. साठ टक्क्यांच्या हाती शून्य. इथे वॉर्डात जागा चार असल्या तरी मतदाराला मत एकच. मात्र ते मत पसंतीक्रमाने देता येते.

मतपत्रिका कागदाची. आमच्याकडे ती देतात एका शाळेच्या हॉलमध्ये, आणि बूथमध्ये दोऱ्याने बांधलेली पेन्सिल असते. आडनावांच्या वर्णक्रमाने दहाएक नावे छापलेली, शेजारी पक्षाचे नाव आणि चिन्ह, उजवीकडे रिकामा चौकोन. सगळ्यात आवडता उमेदवार १, त्यानंतरचा २, मग ३. वाटेल तिथे थांबा; फक्त १ लिहिलात तरी मत वैध. माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे. राष्ट्रकुलातल्या देशाची नागरिक म्हणून मला इथे मत देता येते, आणि २०२० च्या कायद्याने तर इथे कायदेशीर राहणाऱ्या कुठल्याही देशाच्या माणसाला कौन्सिलसाठी मत मिळाले. वयाची अट सोळा वर्षे. माझ्या मुलीने पहिले मत २०२२ मध्ये दिले तेव्हा ती शाळेच्या गणवेशात आली होती. एकूण नावांपैकी सहांना क्रमांक देऊन बाहेर आली आणि सातव्याला का दिला नाही यावर घरी येईपर्यंत माझ्याशी वाद घालत होती.

आता मोजणी. आकडे आले की लोक पान उलटतात, पण सगळी गोम इथेच आहे, म्हणून एक उदाहरण घेते. समजा चार जागांच्या वॉर्डात १०,००० वैध मते पडली. त्यांना जागा अधिक एक, म्हणजे पाचने भागायचे आणि एक मिळवायचा: २,००१. हा कोटा. एवढी मते ज्याला मिळाली तो निवडून आला, कारण २,००१ मते चौघांनाच मिळू शकतात, पाचव्याला उरतच नाहीत. एखाद्या लोकप्रिय उमेदवाराला २,५०१ मते मिळाली तर वरची ५०० वाया जात नाहीत. त्याच्या सगळ्या २,५०१ मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात, पण प्रत्येकीचे मूल्य ५०० भागिले २,५०१, म्हणजे ०.१९९९२ इतके. पाच दशांश स्थळांपर्यंत हिशेब होतो. मग कुणी कोट्याला पोचले नाही तर सगळ्यात खालच्या उमेदवाराला बाद करायचे आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरच्या पुढच्या पसंतीकडे द्यायच्या. चार जागा भरेपर्यंत हेच चालू. मतपत्रिका यंत्रातून स्कॅन होतात, दशांशांचा हिशेब संगणक करतो, आणि निकाल मतदानाच्या दुसऱ्या दिवशी लागतो.

याचा परिणाम असा, की वॉर्डात ज्या पक्षाच्या मागे साधारण पाचवा हिस्सा लोक आहेत त्याचा एक माणूस येतो, ज्याच्या मागे दोन पंचमांश आहेत त्याचे दोन येतात. चौघेही एकाच पक्षाचे यायचे तर त्या पक्षाला जवळजवळ ऐंशी टक्के लोक हवेत. चाळीस टक्क्यांत चारही जागा हा प्रकार घडूच शकत नाही.

आपल्याकडे हे फार किचकट आहे असे म्हणणाऱ्यांना मी जून २०२२ ची आठवण करून देते. राज्यसभेच्या सहाव्या जागेसाठी आख्खा महाराष्ट्र पहाटेपर्यंत टीव्हीपुढे बसला होता. पहिल्या पसंतीची ३३ मते मिळालेले संजय पवार पडले आणि २७ मिळालेले धनंजय महाडिक दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले. तेव्हा कोटा, वरची मते, पसंतीक्रम हे शब्द रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांच्या तोंडी होते. पद्धत तीच आहे! राज्यसभेला, विधान परिषदेला, राष्ट्रपतीला आपण हीच पद्धत वापरतो. पदवीधर मतदारसंघात नाव नोंदवलेल्यांनी तर निवडणूक अधिकाऱ्याने दिलेल्या जांभळ्या पेनने उमेदवारांपुढे १, २, ३ स्वतः लिहिले आहे. आमदाराला आणि पदवीधराला जे जमते ते नगरसेवक निवडणाऱ्या सामान्य माणसाला जमणार नाही, असे मानणे मला त्याचा अपमान वाटतो. स्कॉटलंडमध्ये २०२२ ला बाद मते दोन टक्क्यांहून कमी होती. ग्लासगोच्या काही गरीब वस्त्यांत हे प्रमाण जास्त होते हे खरे, आणि तिथे मतदारांना समजावून सांगायचे काम आणखी व्हायला हवे. पण तेवढ्यासाठी पद्धतच टाकून द्या, असे इथे कुणी म्हणत नाही.

एकसदस्यीय प्रभाग मागणाऱ्यांनी ग्लासगोचा इतिहास जरूर पाहावा. २००३ पर्यंत तिथे एका वॉर्डाला एकच नगरसेवक होता, एकूण ७९. त्या वर्षी लेबर पक्षाला मते पडली निम्म्याहून थोडी कमी, आणि जागा मिळाल्या ७१. बाकी सगळ्या पक्षांना मिळून आठ. शहरातल्या अर्ध्याहून जास्त लोकांनी ज्यांना मत दिले त्यांची माणसे सभागृहात आठ. असे सभागृह प्रशासनाला काय जाब विचारणार? स्कॉटिश संसदेत तेव्हा लेबर आणि लिब डेम यांचे संयुक्त सरकार होते. २००३ च्या निवडणुकीनंतर पुन्हा एकत्र येताना लिब डेमनी हीच अट घातली: कौन्सिलची मतपद्धत बदला. लेबरच्या गावोगावच्या नगरसेवकांचा कडवा विरोध होता, कारण बुडणार होती ती त्यांचीच सद्दी. तरी २००४ मध्ये कायदा झाला आणि मे २००७ मध्ये पहिली निवडणूक नव्या पद्धतीने झाली. ग्लासगोत त्याच ७९ जागांत लेबरला ४५ मिळाल्या, एसएनपीला २२, ग्रीनना ५. लेबरचे बहुमत राहिले, पण समोर बसायला माणसे आली. २०२२ मध्ये ८५ जागांत एसएनपी ३७, लेबर ३६, ग्रीन १०, कॉन्झर्व्हेटिव्ह २.

एका पक्षाला बहुमत मिळूच शकत नाही, असा या पद्धतीवर आरोप होतो. तोही खरा नाही. २०२२ मध्ये डंडीत एसएनपीला आणि वेस्ट डनबार्टनशायरमध्ये लेबरला एकहाती बहुमत मिळाले. लोकांनी तेवढी मते दिली तर बहुमत मिळतेच. तेवढी मते नसताना ते मिळत नाही, इतकेच.

आणि आपल्या पॅनेलसारखी पद्धत पाहायची असेल तर तीही याच देशात, सीमेपलीकडे इंग्लंडमध्ये आहे. लंडनच्या बरोंमध्ये (शहराच्या एकेका भागाच्या पालिकांमध्ये) एका वॉर्डात दोन-तीन नगरसेवक आणि मतदाराला तितकीच मते. लुइशम बरोत २०२२ ला ५४ पैकी ५४ जागा लेबरच्या आल्या. बार्किंग अँड डॅगनहॅममध्ये तर २०१० पासून सलग चार निवडणुकांत ५१ पैकी ५१. विरोधी पक्षनेता व्हायला एकसुद्धा माणूस निवडून आला नाही. त्या बरोंमध्ये दुसऱ्या पक्षांचे मतदारच नाहीत असे कसे म्हणता येईल? देश एकच, तशीच गल्लीबोळांची शहरे, तसेच अनेक जणांचे वॉर्ड. एडिंबरात चार पक्षांचे चौघे, लुइशममध्ये सगळे एका पक्षाचे. बदलते ती मतपद्धत.

आता ‘चौघे असले की कुणीच जबाबदार नसतो’ या तक्रारीकडे येते, कारण मला वाटते लोकांचा जीव सगळ्यात जास्त यातच अडकला आहे. मी इथल्या जुन्या दगडी टेनेमेंटमध्ये राहते. एका जिन्यावर आठ घरे, कचऱ्याचे मोठे सामायिक डबे रस्त्यावर. ते भरून वाहू लागले, शेजारी कुणी फाटकी गादी टाकून गेले, की आम्ही फोटो काढून चारही नगरसेवकांना एकच ईमेल पाठवतो. जिन्यातल्या एका आजींनी मला हे शिकवले, आणि कारणही सांगितले: ‘चौघांना एकमेकांची नावे दिसली पाहिजेत.’ चौघे चार पक्षांचे आहेत. एकाने उत्तर दिले आणि दुसऱ्याने दिले नाही तर पुढच्या वेळी पहिली पसंती कुणाला जाणार, हे त्यांना चांगले कळते. गादीच्या वेळी सकाळी पाठवलेल्या ईमेलला संध्याकाळच्या आत दोघांची उत्तरे आली होती, त्यातले एक तक्रार क्रमांकासकट. पॅनेलमधले चौघे एकाच पक्षाचे, एकाच नेत्याने तिकीट दिलेले असले की ही चढाओढ उरत नाही. म्हणून ते एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. चढाओढ असती तर बोट दाखवणारा आधी पडला असता.

दुसरेही एक आहे. माझ्या शेजारणीला लेबरवाले अजिबात चालत नाहीत. ती काम घेऊन एसएनपीच्या नगरसेवकाकडे जाते. खालच्या मजल्यावरचा सायकलवाला तरुण ग्रीनकडे. लीथ वॉकवर ट्रामचे काम चालले होते ती वर्षे इथल्या दुकानदारांनी फार सोसले, रस्ता खणलेला, गिऱ्हाईक फिरकेना. ट्राम हवी असणाऱ्यांचे आणि ती डोळ्यासमोर नको असणाऱ्यांचे, दोघांचेही गाऱ्हाणे ऐकणारा कुणीतरी वॉर्डातच होता. जून २०२३ मध्ये ट्राम न्यूहेवनपर्यंत धावू लागली. प्रकल्प चांगला की वाईट यावर इथे अजून दोन तट आहेत, पण आपले म्हणणे सभागृहात पोचलेच नाही असे कुणाला म्हणता येणार नाही.

इथले सगळे आलबेल आहे असे मी म्हणत नाही. दोन दोष ठळक आहेत, आणि पद्धत उचलायची तर ते वगळून उचलावी.

पहिला दोष नावांच्या क्रमाचा. मतपत्रिकेवर नावे वर्णक्रमाने असल्यामुळे एकाच पक्षाचे दोन उमेदवार उभे असले की बहुतेकदा वरचा निवडून येतो आणि खालचा मागे पडतो. मतदार वरून वाचत येतो, आपल्या पक्षाचे पहिले नाव दिसले की १, पुढचे दिसले की २. प्रा. जॉन कर्टिस यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे आकडेवारीने दाखवले आहे. पक्षांनी यावर तोड काढली ती अशी: वॉर्डाचे दोन भाग करायचे आणि पत्रके वेगवेगळी छापायची. माझ्या दारातून आलेल्या एका पक्षाच्या पत्रकात ‘क्रमांक १ याला, क्रमांक २ तिला’ असे होते. चार रस्ते पलीकडे राहणाऱ्या मैत्रिणीकडे त्याच पक्षाचे, त्याच रंगाचे, त्याच फोटोंचे पत्रक आले, क्रमांक मात्र उलटे. दोन्ही पत्रके आम्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहिली. लबाडी म्हणता येणार नाही, पण ज्याचे आडनाव यादीत खाली आहे त्याने जन्मभर पत्रकांच्या आधारावर राहायचे हेही बरे नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात मतपत्रिका छापतानाच नावांचा क्रम फिरवतात. काही कागदांवर एक वर, काहींवर दुसरा. आपण सुरुवातीपासून तसेच करावे.

दुसरा दोष जास्त गंभीर. चौघांतला एखादा वारला किंवा त्याने राजीनामा दिला तर पोटनिवडणूक आख्ख्या वॉर्डात होते, एका जागेसाठी. मग ती जागा लहान पक्षाची असली तरी बहुधा मोठ्या पक्षाकडे जाते, कारण एका जागेला कोटा निम्म्याचा होतो. एडिंबराच्या कोलिंटन-फेअरमाइलहेड वॉर्डात हे ताजे घडले. २०२२ ला तिथले तिघे तीन पक्षांचे होते: लेबर, कॉन्झर्व्हेटिव्ह, एसएनपी. लेबरचे नगरसेवक २०२४ मध्ये खासदार झाले, एसएनपीच्यांनी पद सोडले, आणि नोव्हेंबरमध्ये दोन जागांची निवडणूक झाली. त्यात आलेल्या एका सदस्याने थोड्याच दिवसांत राजीनामा दिला, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा एकदा. शेवटी दोन जागा कॉन्झर्व्हेटिव्हकडे आणि एक लेबरकडे राहिली. सार्वत्रिक निवडणुकीत ज्या मतदारांनी एसएनपीचा माणूस पाठवला होता ते मुदतीच्या मधेच प्रतिनिधीविना झाले. थंडीत मतदानाला आलेही थोडेच लोक. माझ्या मते जागा रिकामी झाली की मूळच्याच मतपत्रिका पुन्हा मोजाव्यात: गेलेल्या सदस्याला निवडून देणाऱ्या मतांवर पुढची पसंती कुणाची आहे ते पाहून जागा भरावी. निवडणुकीचा खर्चही वाचतो आणि मतदाराचा कौलही टिकतो.

आपल्याकडची खरी अडचण आरक्षणाची आहे, आणि ती मी टाळत नाही. स्कॉटलंडमध्ये कौन्सिलला आरक्षण नाही. आपल्याकडे निम्म्या जागा महिलांच्या, शिवाय अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग. हे राहिलेच पाहिजे; माझ्या आईच्या पिढीत नगरसेविका बोटांवर मोजण्याइतक्या असत. पण त्यासाठी अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या लढती लागतात असे नाही. चौघांत किमान दोन महिला हव्यात, तर मोजणीत एवढाच नियम घालावा की दोन पुरुष निवडून आले की उरलेले पुरुष उमेदवार बाद धरून त्यांची मते पुढच्या पसंतीला द्यायची, आणि रिंगणात महिला दोनच उरल्या तर त्यांना बाद करायचे नाही. जातीच्या आरक्षणालाही असाच नियम लावता येईल. उलट त्यात एक फायदा दिसतो. आज राखीव जागेवरचा उमेदवार बहुधा पॅनेलच्या प्रमुखाने निवडलेला असतो आणि पॅनेलच्या जोरावर येतो. पसंतीच्या मतात त्या वस्तीतल्या लोकांनीच ज्याला वर काढले तो येईल.

प्रभाग दोनाचा की चाराचा की एकाचा, हे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या सरकारांनी किती वेळा बदलले! पुण्यात २००२ ला तिघे, २००७ ला एक, २०१२ ला दोघे, २०१७ ला चौघे. मग पुन्हा एक, पुन्हा तीन, पुन्हा चार असे निर्णय होत राहिले आणि निवडणूकच रखडली. २०१७ ला पुण्याच्या १६२ जागांत भाजपला ९७ मिळाल्या. उद्या दुसऱ्या पक्षाला तशाच मिळतील. जो सत्तेवर येतो तो आपल्याला सोयीचा आकडा निवडतो, आणि चर्चा होते ती फक्त त्या आकड्याची. मतदाराच्या हातात किती मते आणि ती कशी मोजायची, हा प्रश्न या सगळ्या गदारोळात कुणी विचारलेला माझ्या वाचनात नाही.

मतदान यंत्रावर पसंतीक्रम कसा देणार, असेही कुणी विचारील. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांची मते आजही कागदावरच होतात आणि त्यांची मोजणी आपलेच सरकारी कर्मचारी करतात. एखाद्या मध्यम आकाराच्या महापालिकेत पुढची निवडणूक कागदी मतपत्रिकेवर, चार जणांच्या प्रभागात, प्रत्येकी एका पसंतीच्या मताने घ्यावी. त्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल आणि ती विधिमंडळाच्या हातात आहे. इथल्या कौन्सिलच्या पुढच्या निवडणुका मे २०२७ मध्ये आहेत. तेव्हा आपल्या दैनिकाने एखादा प्रतिनिधी मोजणी पाहायला इकडे पाठवला, तर लीथमध्ये त्याची राहण्याची सोय मी आनंदाने करीन.

आपली,
कोथरूडची एक जुनी वाचक
लीथ, एडिंबरा